‘चेंडू गेला कुणीकडे?’ – क्रिकेटच्या धावत्या समालोचनाची भाषा

भाषेचा अभ्यास म्हटला की आपल्यापुढे संतवाङ्मय, बखरी, शब्दकोश आणि व्याकरणाची पुस्तके येतात. मैदानाच्या कडेला मंडपात बसून कर्ण्यातून ओरडणाऱ्या माणसाची भाषा हाही अभ्यासाचा विषय होऊ शकतो, असे दोन वर्षांपूर्वी मला कोणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. पण त्या मंडपात बसण्याची पाळी माझ्यावरच आली आणि एका वृद्ध गृहस्थांच्या साध्या प्रश्नाने मला या विषयाकडे वळवले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

माझे गाव खर्डा, तालुका जामखेड. मराठे आणि निजाम यांच्यात ११ मार्च १७९५ रोजी झालेल्या लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात गावाचे नाव आले आहे. एरवी जिल्ह्यातल्या इतर गावांसारखेच तेही एक गाव. रब्बीची काढणी उरकली की माळावरची ढेकळे फोडून, पाणी मारून खेळपट्टी तयार होते आणि टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. मंडप, टेबल, एक ध्वनिक्षेपक आणि बाभळीला बांधलेले दोन कर्णे एवढा सरंजाम असतो. समालोचन करणारा नेहमीचा गडी त्या दिवशी लग्नाला गेलेला. ‘तू कॉलेजात मराठी घेतलंयस ना, मग बस की’, असे म्हणून मंडळींनी माईक माझ्या हातात दिला.

मी तास-दीड तास घसा फोडला. ‘काय तो फटका!’, ‘अप्रतिम!’, ‘प्रेक्षकांच्या डोळ्यांचे पारणे फिटले!’ असे जेवढे आठवत होते तेवढे सगळे बोललो. डाव संपल्यावर मंडपामागे खुर्ची टाकून बसलेल्या आमच्या गल्लीतल्या तात्यांनी मला हाक मारली. तात्यांची दृष्टी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. ते म्हणाले, ‘‘पोरा, वरडतोस झ्याक. पन चेंडू गेला कुनीकडं, ते कवा सांगनार?’’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘रेड्यूवर मॅच ऐकायचो तवा मला समदं दिसायचं. आज मैदानावर येऊन बसलो तर काहीच दिसंना.’’

मी निरुत्तर झालो. शेकडो मैलांवरचा सामना ज्या माणसाला एका खोक्यातून दिसत होता, त्याला पन्नास पावलांवरचा सामना मी दाखवू शकलो नव्हतो. माझा आवाज कमी पडला नव्हता, उत्साहही कमी पडला नव्हता. कमी पडली होती ती भाषा.

आपण वर्गात ‘समालोचन’ हा शब्द ग्रंथपरीक्षणाच्या अर्थाने शिकतो. त्याच्या मुळाशी ‘लोच्’ हा पाहणे या अर्थाचा संस्कृत धातू आहे. ‘लोचन’ म्हणजे डोळा, तो त्यातूनच आला. तेव्हा समालोचन म्हणजे मुळात नीट, सर्व बाजूंनी पाहणे. खेळाच्या वर्णनाला हे नाव देणाऱ्याने व्युत्पत्तीचा विचार केला असेल-नसेल, पण नाव चपखल बसले आहे. समालोचक हा दुसऱ्यासाठी पाहणारा माणूस असतो.

हा व्यवसाय रेडिओबरोबर जन्माला आला. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९२७ साली लेटन येथील एसेक्स विरुद्ध न्यूझीलंड या सामन्याचे वर्णन प्रक्षेपित केले. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे इंग्रजी समालोचन बॉबी तल्यारखान करीत आणि दिवस दिवस ते एकटेच बोलत. १९३८ साली तर याहून नवलाची गोष्ट घडली. ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता आणि समालोचक बसले होते ऑस्ट्रेलियातल्या ध्वनिमुद्रणगृहात. इंग्लंडहून येणाऱ्या त्रोटक तारा वाचून ते चेंडूमागून चेंडू वर्णन करीत आणि लाकडावर पेन्सिल आपटून बॅटचा आवाज काढीत. सामना बोलणाऱ्यालाही दिसत नव्हता आणि ऐकणाऱ्यालाही दिसत नव्हता. शब्दांच्या बळावर तो उभा राहत होता. आकाशवाणीवरील मराठी समालोचनाचा विषय निघाला की बाळ ज. पंडित यांचे नाव आधी घ्यावे लागते. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळले होते. २०१५ साली ते निवर्तले, पण त्यांच्या आवाजाची आठवण काढणारी माणसे अजून गावोगाव भेटतात. आमचे तात्या त्यांतलेच एक.

आता प्रश्न असा की या भाषेचे वेगळेपण नेमके कशात आहे? पहिली गोष्ट वेळेची. खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर. ताशी १३० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३६ मीटर जातो. म्हणजे गोलंदाजाच्या हातून निघालेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात माणसाच्या तोंडून दोन-तीन अक्षरे बाहेर पडतील. पुढचा चेंडू पडेपर्यंत मात्र अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ मोकळा असतो. त्यामुळे समालोचकाला दोन भाषा बोलाव्या लागतात. चेंडू हवेत असताना तुटक, क्रियापदे गाळलेली, धापा टाकणारी एक. आणि चेंडू गोलंदाजाकडे परत जात असताना पूर्ण वाक्यांची, सावकाश, धावसंख्या आणि क्षेत्ररचना सांगणारी दुसरी. माझ्या पहिल्या दिवसाच्या समालोचनात ही दुसरी भाषा जवळजवळ नव्हतीच. मोकळा अर्धा मिनिट मी विशेषणांनी भरून काढत होतो.

दुसरी गोष्ट व्याकरणाची, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना ती अधिक रुचेल असे वाटते. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते. ‘गावसकरने तो चेंडू कव्हरमधून सीमारेषेबाहेर टोलवला’ हे वाक्य निर्दोष आहे, पण ते तोंडात पुरे होईपर्यंत चेंडू सीमेबाहेर जाऊन परतही आलेला असतो. शिवाय एक मोठी अडचण आहे. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की, काही अपवाद सोडता, कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘त्याने झेल घेतला’, पण ‘त्याने धाव घेतली’. ‘गावसकरने’ असे म्हणून बसलो की वाक्याची वाट ठरून गेली; त्यानंतर ‘बाद झाला’ म्हणता येत नाही. नुसते ‘गावसकर’ म्हटले तर ‘चेंडू मारला’ म्हणता येत नाही. म्हणजे मराठी व्याकरण बोलणाऱ्याला पहिल्याच शब्दाला विचारते, ‘पुढे काय होणार आहे?’ आणि समालोचकाला नेमके तेच ठाऊक नसते.

यातून आपल्या समालोचकांनी जी वाट काढली तिच्याकडे मी पूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. ते वाक्याचा कर्ता खेळाडूला करीतच नाहीत, चेंडूला करतात. जुन्या धाटणीचा एक नमुना मीच तयार करून देतो: ‘निघालाय गोलंदाज... पंचांजवळून आलाय... चेंडू आखूड टप्प्याचा... उसळला... बॅटची कड... आणि गेला, स्लिपच्या डोक्यावरून गेला... सीमारेषेकडे चाललाय... चौकार!’ येथे उसळला, गेला, चाललाय ही सारी अकर्मक क्रियापदे आहेत. त्यांना ‘ने’ लागत नाही, कर्माचे लिंग सांभाळावे लागत नाही. चेंडू पुल्लिंगी आहे हे एकदा धरले की क्रियापदाचा शेवटही ठरलेला. चेंडू अडला, चुकला, वळला, सुटला, थांबला. जे घडेल ते त्याच क्षणी सांगता येते. मारणाऱ्याचे नाव मागाहून, सावकाशीच्या भाषेत येते: ‘सुरेख फटका होता गावसकरचा.’

दुसरी वाट शब्दक्रमाची. ‘चेंडू सीमारेषेबाहेर गेला’ असे न म्हणता ‘चेंडू गेला... सीमारेषेबाहेर’ असे म्हणतात. चेंडू गेला हे आधी कळते, कोठे गेला हे नंतर कळते, म्हणून वाक्यातही तोच क्रम. व्याकरणाच्या पेपरात आपण याला शब्दक्रमाचा विपर्यय म्हणू. मैदानावर तोच सरळ क्रम असतो, कारण तो घटनेचा क्रम आहे.

चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८३ साली खेळांच्या रेडिओ-वर्णनाच्या भाषेवर एक लेख प्रसिद्ध केला. क्रियापदे गाळणे, शब्दक्रम उलटवणे, काळांचा विशिष्ट वापर आणि ठरावीक साच्यांची पुनरावृत्ती ही लक्षणे त्याला अमेरिकी इंग्रजीत आढळली. मराठी समालोचकांनी त्याचा लेख वाचून आपली भाषा घडवली नाही हे उघड आहे. पण दोन्हीकडची अडचण एकच होती, म्हणून उपायही एकमेकांसारखे निघाले. फक्त ‘ने’चा पेच आपला, आणि चेंडूला कर्तेपद देऊन काढलेली सोडवणूकही आपली.

तिसरी गोष्ट शब्दसंपत्तीची. बाद होण्याचे प्रकार पाहा: त्रिफळाचीत, पायचीत, धावचीत, यष्टिचीत. हे ‘चीत’ आले कोठून? तालमीतून. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली की तो चीत झाला. परदेशी खेळातल्या बाद होण्याला नाव द्यायचे तेव्हा मराठी माणसाला आधी कुस्तीचा आखाडा आठवला. ‘टोलवणे’ म्हटले की विटीदांडूचा टोला आठवतो. नुसत्या चेंडू मारण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत! हलकेच पुढे केला तर ‘ढकलला’, अडवून धरला तर ‘तटवला’, मनगटाने दिशा दिली तर ‘वळवला’, जोर काढला तर ‘टोलवला’, राग काढला तर ‘झोडपला’, उंच गेला तर ‘उडवला’, आणि कोठेही जावो म्हणून बॅट फिरवली तर ‘भिरकावला’. यातले कोणतेही एक क्रियापद ऐकले की फटक्याचा जोर, उंची आणि मारणाऱ्याची मनःस्थिती तिन्ही कळतात. त्याला ‘अप्रतिम’ जोडण्याची गरज उरत नाही. माझ्या शब्दांत ‘अप्रतिम’ होते, ‘तटवला’ नव्हते. म्हणून तात्यांना काही दिसत नव्हते.

अर्थात सर्वच शब्दांचे मराठीकरण साधले असे नाही, आणि त्याला कारणेही आहेत. ऑफ स्टंपला ‘उजवी यष्टी’ म्हणणे उजव्या हाताने खेळणाऱ्यापुरते ठीक. डावखुरा आला की ‘उजवी’ म्हणजे नेमकी कोणती याचा घोटाळा होतो. म्हणून ‘ऑफ’ आणि ‘लेग’ टिकले. ‘स्लिप’, ‘गली’, ‘पॉइंट’ही टिकले. उलट ‘षटक’, ‘चौकार’, ‘षटकार’, ‘धावफलक’, ‘झेल’, ‘नाणेफेक’ हे शब्द खेड्यातल्या शाळकरी पोराच्याही तोंडी आहेत. जो शब्द घाईत जिभेवर येतो आणि ऐकताक्षणी समजतो तोच टिकतो. तेथे शुद्धाशुद्धाचा वाद चालत नाही.

चौथी गोष्ट दिशेची. तात्यांचा प्रश्न नेमका हाच होता. वानखेडे मैदानावर एका बाजूला गरवारे पॅव्हेलियनचे टोक आणि दुसऱ्या बाजूला टाटा टोक असे म्हणतात. ही नावे एकदा सांगून ठेवली की श्रोत्याच्या मनात मैदान आखले जाते आणि पुढचा प्रत्येक चेंडू त्या नकाशावर पडतो. आमच्या माळावर पॅव्हेलियन नाही. पण किल्ल्याची बाजू आहे, ओढ्याची बाजू आहे, ट्रॅक्टर उभे असतात ती कड आहे. गावातले नेहमीचे समालोचक ‘मिडविकेट’ म्हणत नाहीत, ‘ओढ्याच्या अंगाला’ म्हणतात. मला ते पूर्वी गावंढळ वाटे. आता वाटते की त्यांना समालोचनाचे मर्म माझ्यापेक्षा अधिक कळले होते. ‘मिडविकेट’चा अर्थ फलंदाजाच्या हाताप्रमाणे बदलतो, ओढा आपली जागा सोडत नाही.

मात्र गावच्या कर्ण्याची भाषा ही सगळीच रेडिओची भाषा नव्हे. रेडिओचा श्रोता काही पाहत नाही, म्हणून त्याला सगळे सांगावे लागते. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक सगळे पाहतो, म्हणून तेथे वर्णन आटते आणि गप्पा, आठवणी, मल्लिनाथी वाढते. २०२३ च्या आयपीएलचे समालोचन जिओसिनेमाने इतर भारतीय भाषांबरोबर मराठीतूनही ऐकवले. आपली भाषा त्या पडद्यावर आली याचा आनंद झाला, पण डोळे मिटून ऐकले तर सामना पुरता कळत नाही. त्यात बोलणाऱ्यांचा दोष नाही. ते पाहणाऱ्यांसाठी बोलत असतात. गावचा कर्णा तिसऱ्याच प्रकारचा. तेथे प्रेक्षक सामना पाहतो, खेळाडूंना नावाने ओळखतो आणि पुष्कळदा त्यांचा नातेवाईकही असतो. म्हणून कर्ण्यावर वर्णनाबरोबर इतर कामे येतात. पुढच्या षटकारावर कोणी शंभर रुपये लावले ते जाहीर करणे, पाण्याचा टँकर देणाऱ्याचे आभार मानणे, रस्त्यात लावलेली मोटारसायकल काढायला सांगणे ही सारी कामे त्याच आवाजाची. आणि मानमर्यादाही सांभाळावी लागते. दूरच्या खेळाडूला ‘गावसकर बाद झाला’ म्हणता येते; पण शाळेतले गुरुजी खेळायला उतरले आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला, तर ‘गुरुजी बाद झाले आहेत’ असेच म्हणावे लागते, तेही जरा हळू आवाजात.

ही भाषा चांगली की वाईट, असा प्रश्न मला पडत नाही. ती तेथल्या माणसांसाठी घडलेली आहे. चूक होते ती आपण समोर कोण ऐकते आहे हे विसरल्यावर. दूरचित्रवाणीवर ऐकलेले उद्गार मी माळावर जसेच्या तसे आणले. पाहणाऱ्यांना त्यांची गरज नव्हती आणि न पाहणाऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. मी नेमके कोणासाठी बोलत होतो, याचे उत्तर आजही मला देता येत नाही, बहुधा स्वतःसाठीच.

आमच्या गावाच्या लढाईविषयी बखर लिहिली गेली, पोवाडे रचले गेले. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला, पुढे तह झाला, हे सारे लिहिणाऱ्याला आधीच माहीत होते. शेवट माहीत असलेला माणूस वाक्य सावकाश बांधू शकतो. क्रियापद शेवटी ठेवणे त्याला परवडते. आपले बहुतेक वाङ्मय असे शेवट माहीत असलेल्यांनी लिहिले आहे आणि आपण अभ्यासतो ते व्याकरणही प्रामुख्याने त्याच भाषेचे आहे. पण रोजच्या जगण्यात आपण पुष्कळदा शेवट माहीत नसताना बोलत असतो. त्या बोलण्यात मराठी किती लवते, काय गाळते, कशाला धरून राहते, हे पाहायचे असेल तर समालोचनासारखी प्रयोगशाळा दुसरी सापडणार नाही. आपल्या विभागातील कोणी जुन्या मराठी समालोचनाची ध्वनिमुद्रणे मिळवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला तर ते उपयुक्त काम होईल.

गेल्या वर्षी सामन्यांच्या वेळी मी पुन्हा माईक मागून घेतला. सुरुवातीला मैदान सांगितले: खेळपट्टी पूर्व-पश्चिम, उजवीकडे किल्ल्याची बाजू, डावीकडे ओढा, समोर ट्रॅक्टर. मग एकेक चेंडू. चुका पुष्कळ झाल्या. एकदा तर झेल सुटलेला असताना मी बाद जाहीर करून मोकळा झालो आणि पंचांनी तिथूनच हात हलवून मला गप्प केले. पण विशेषणे आवरली आणि क्रियापदे शोधली. शेवटच्या डावात एक चेंडू उंच उडाला. ‘गेला... उंच गेला... ओढ्याच्या अंगाला...’ मी एवढे म्हणतो तोच मंडपामागून तात्यांचा आवाज आला, ‘‘आरं, खाली कोन हाय?’’

चेंडू कुणीकडे गेला, हे त्यांनी या खेपेला विचारले नाही.